शनिवार कुणाचा?

प्रश्न:
ताई, नमस्कार. मी संभाजीनगरची, वय 24. शाळेपासून बॉक्सिंग करते. 57 किलोत विद्यापीठाकडून खेळले, राज्य स्पर्धेत ब्राँझ आहे. सप्टेंबरपासून डब्लिनला मास्टर्स करतेय आणि इथल्या एका क्लबमध्ये जाते. पोरी चांगल्या आहेत, पण माझ्यापेक्षा उंच आणि दणकट. शुक्रवारी रात्री माझी रेस्टॉरंटमध्ये शिफ्ट असते, शनिवारी सकाळी क्लबमध्ये स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत. मार खाऊन घरी येते आणि रडते. त्याच दिवशी रूममेट्स फिरायला जातात. क्लबला गेले की वाटतं, एवढ्या लांब येऊन आपण काहीच बघितलं नाही. फिरायला गेले की बसमध्ये अपराधी वाटत राहतं.
घरच्या क्लबच्या मुलींचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. तिथे मी समुद्राचे, किल्ल्यांचे फोटो टाकते, खाली काहीतरी जोशातलं लिहिते. परवा आठवीतल्या एका मुलीने विचारलं, ‘दीदी, तुला तिकडे भीती वाटते का?’ अजून उत्तर दिलेलं नाही. आई म्हणते, शिकायला गेलीस ना, मग नाक फोडून घ्यायला कशाला जातेस? बॉक्सिंग सोडू की फिरणं?
ता. क. ग्लोव्हज भारतातून मागवू का?
— एक मुष्टियोद्धा, डब्लिन

उत्तर:
वा गं! खाली सही ‘मुष्टियोद्धा’ अशी ठोकलीस आणि वर विचारतेस बॉक्सिंग सोडू का.

काहीच सोडू नकोस. पण तू ज्याला शनिवारचा प्रश्न म्हणतेस, तो मला वेगळाच दिसतोय. समजा एखाद्या बुधवारी ट्रेनिंग बुडालं, तर तुला असं अपराधी वाटतं का? तसं काही लिहिलेलं नाहीस. वाटतं ते शनिवारी, कारण शनिवारी स्पारिंग असतं. बसमध्ये खिडकीशी बसलं की आत कुठेतरी ठाऊक असतं की आज आपण मार चुकवून आलोय. आणि मार खाऊन परतलं की वाटतं, त्यापेक्षा फिरायला गेलो असतो तर बरं झालं असतं. यात फिरणं बिचारं उगाच बदनाम होतंय. म्हणून आधी स्पारिंगचं बघू, मग भटकंतीचं.

मी फिजिओ आहे. पुण्यात बॉक्सिंगच्या मुलींची मनगटं आणि खांदे बघण्यात माझा दिवस जातो. नवऱ्याच्या नोकरीमुळे काही काळ डब्लिनला राहिलेय, त्यामुळे दोन्हीकडचं थोडंथोडं माहीत आहे.

तू शुक्रवारच्या शिफ्टचं सहज लिहून गेलीस, मी तिथेच अडकले. हॉटेलचं स्वयंपाकघर आवरून घरी पोचेपर्यंत मध्यरात्र उलटत असणार. उभं राहून राहून पोटऱ्या दगड झालेल्या, झोप अर्धी, सकाळी पोटात एक केळं. असं शरीर घेऊन रिंगमध्ये उतरलीस की समोरचा ठोसा दिसतो, पण डोकं हलेपर्यंत तो पोचलेला असतो. मग वाटतं, इथल्या पोरी फारच फास्ट आहेत. असतीलही, पण तू त्यांना दरवेळी थकल्या अंगाने भेटतेस. तुझ्या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासच काम करता येतं. ते 20 तास कुठे बसवायचे हे मॅनेजरशी बोलून ठरव आणि शुक्रवारची रात्र मोकळी ठेव. शुक्रवारी टिप बरी मिळते, हे मलाही ठाऊक आहे. तरीही ठेव. त्या रात्री मुगाची खिचडी आणि दोन अंडी खाऊन लवकर झोप आणि पुढच्या शनिवारचं स्पारिंग कसं जातं ते बघ. तूरडाळ, मूगडाळ मूर स्ट्रीटच्या आसपासच्या आशियाई दुकानांत मिळते.

आता कोचचं. आपल्याकडे सरांसमोर तोंड उघडायचं नसतं. सर म्हणाले चढ रिंगमध्ये, की चढायचं. आयर्लंडमधल्या क्लबांत बहुतेक कोच दिवसभर आपापली नोकरी करून संध्याकाळी स्वखुशीने शिकवायला येतात. ते मोकळेढाकळे असतात, चेष्टा करतात, पण तुझ्या मनातलं त्यांना आपोआप कळणार नाही. ग्लोव्हज बांधण्याआधी जाऊन सांग, ‘आज मला तीन राउंड द्या, त्यातला पहिला फक्त जॅबचा, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशाचा.’ किंवा, ‘तिने फुल मारावं, मी फक्त बचाव करते.’ असं अटी घालून केलेलं स्पारिंग चांगल्या क्लबांत रोजच चालतं. तुला कुणी हसणार नाही. आणि 57 किलोच्या मुलीने दर आठवड्याला 66 किलोच्या मुलीशी पूर्ण ताकदीने भिडणं याला मी स्पारिंग म्हणत नाही. तुझ्या वजनाच्या जवळची मुलगी क्लबमध्ये नसेल तर कोचला दुसऱ्या क्लबचं विचार. क्लब एकमेकांकडे पोरं घेऊन जातच असतात.

उंच मुलीशी लढताना सगळ्यात वाईट जागा कोणती, तर तिच्या ठोशाचं टोक जिथे पोचतं ती. तू घरी ज्या अंतरावर आरामात उभी राहायचीस, नेमकं तिथेच इथे त्यांचा हात सरळ होतो. म्हणून एकतर पूर्ण बाहेर राहा, नाहीतर थेट छातीशी जा. जाताना जॅब तोंडावर न मारता छातीवर मार, त्याच वेळी डोकं मधल्या रेषेतून बाजूला काढ आणि पुढचा पाय तिच्या पुढच्या पायाच्या बाहेर टाक. दोन छोटे ठोसे, आणि मग तिरकं बाहेर. सरळ मागे आलीस की तिचा लांब उजवा तुझी वाटच बघत असतो. हे आधी शॅडोत, म्हणजे समोर कुणी नसताना हवेत, मग कोचच्या हातातल्या पॅडवर, मग हळूहळू स्पारिंगमध्ये आण. एखाद्या मैत्रिणीला एक राउंड मोबाइलवर काढायला सांग. मी पैजेवर सांगते, जॅब मारून परत आणताना तुझा दुसरा हात गालावरून खाली येत असणार. थकलेल्या सगळ्यांचा येतो.

डोक्याच्या बाबतीत मात्र चेष्टा नको. हेडगार्डने कातडी फुटणं कमी होतं, मेंदूला बसणारा हादरा त्याने थांबत नाही. स्पारिंगनंतर डोकं दुखत राहिलं, मळमळलं, उजेड नकोसा झाला, बोलताना शब्द सापडेना, झोपेचं तंत्र बिघडलं, तर त्या दिवशी एकटी घरी जाऊ नकोस. रूममेटला सांग, डॉक्टरकडे जा आणि ते हो म्हणेपर्यंत रिंगला हात लावू नकोस. कोचपासून हे लपवणाऱ्या मुली मी बघितल्यात. त्यांना वाटतं आपण कणखर आहोत.

आणखी एक, जे मुली कोचला सांगत नाहीत. परदेशात एकटं राहून, कमी खाऊन, जास्त पळून पाळी लांबायला लागली, तर ती शरीराची तक्रार समज. वजन राखण्याच्या नादात दोन-तीन महिने चुकली तर डॉक्टरकडे जायचं, कौतुक करायचं नाही. हिवाळ्यात तिथे ड जीवनसत्त्वाचंही विचार. डिसेंबरात साडेआठनंतर उजाडतं आणि चारच्या सुमारास दिवे लागतात. आपल्या सावळ्या कातडीला तेवढ्या उन्हात काही मिळत नाही. तुझं रडू निम्मं या अंधाराचं असेल तरी मला नवल वाटणार नाही. उरलेलं निम्मं मारामारीनंतर अंग उतरतं त्याचं. माझ्याकडच्या मुलीही रडतात, काही तर दोरीला टेकूनच रडतात आणि नाक पुसून पुढचा राउंड करतात.

आता फिरण्याकडे वळू, कारण इथे मला तुझ्यावर जरा रागवायचंय. रूममेट्स जी सहल ठरवतात तिलाच तू आयर्लंड बघणं समजतेस. बस, कडा, फोटो, सँडविच, परत बस. अगं, बॉक्सिंग करणाऱ्या बाईने बघावं असं डब्लिनमध्ये जेवढं आहे, तेवढं जगात फार थोड्या शहरांत असेल, आणि तू त्याच्या शेजारून रोज बसने जातेस.

साउथ सर्क्युलर रोडवर नॅशनल स्टेडियम आहे. बाहेरून सरकारी गोदामासारखं दिसतं, म्हणून कुणी फोटो काढत नाही. 1939 मध्ये खास बॉक्सिंगसाठी बांधलेली ही वास्तू. 31 ऑक्टोबर 2001 ला आयर्लंडमधली बायकांची पहिली अधिकृत लढत इथेच झाली आणि त्यात पंधरा वर्षांची केटी टेलर होती, पुढे जगज्जेती झालेली. त्याआधी लहानपणी ती केस हेडगार्डखाली कोंबून, नाव नुसतं ‘के. टेलर’ सांगून मुलांशी लढायची. तिच्याही आधी ड्रॉहेडा गावच्या डिअर्ड्रा गोगार्टीला आपल्या देशात लढायची सोयच नव्हती, म्हणून ती अमेरिकेत गेली. मार्च 1996 मध्ये लास व्हेगासला टायसन आणि ब्रुनोच्या लढतीआधी ती क्रिस्टी मार्टिनशी भिडली. गुणांवर हरली, पण मार्टिनचं नाक रक्ताने माखलं होतं, आणि बायकाही बॉक्सिंग करतात हे त्या रात्री टीव्हीवर लाखो लोकांना कळलं. स्टेडियमला लढती असतील तेव्हा तिकीट काढून जा. मुलींच्या लढतीच्या वेळी रिंगकडे बघत राहू नकोस, कोपऱ्याकडे बघ. एका मिनिटाच्या विश्रांतीत कोच किती वाक्यं बोलतो ते मोज. चांगला कोच एक-दोनच बोलतो.

तिथून शहराच्या उत्तरेला पोर्टलंड रो. फाइव्ह लॅम्प्स नावाचा जुना दिव्याचा खांब आहे, तिथून ही गल्ली सुरू होते. केली हॅरिंग्टन इथली. लहानपणी क्लबमध्ये गेली तर मुलींना घेत नाही म्हणाले. पुढे टोकियोत आणि पॅरिसमध्ये, दोन्ही ऑलिंपिकला तिने 60 किलोत सोनं घेतलं. दोन ऑलिंपिक सुवर्णं जिंकणारी आयर्लंडची ती पहिली बॉक्सर. टोकियोच्या आधी ती फेअरव्ह्यूमधल्या एका मानसिक आरोग्याच्या हॉस्पिटलात सफाईचं काम करायची, आणि सोनं घेऊन आल्यावर पुन्हा त्याच कामावर गेली. तुझी शिफ्ट आणि तुझं ट्रेनिंग यांची सांगड घालताना तिचं नाव आठवू दे.

आणि गंमत ऐक. केटीचं पहिलं जागतिक सुवर्ण 2006 चं, दिल्लीतलं. केलीचं जागतिक सुवर्ण 2018 चं, तेही दिल्लीतलं, आणि ज्या हॉलमध्ये ते मिळालं त्याला नाव आहे आपल्या खाशाबा जाधवांचं. गोळेश्वरच्या पैलवानाच्या नावाच्या छताखाली पोर्टलंड रोची पोरगी जगज्जेती झाली. हे क्लबमध्ये सांग. पोरी कान टवकारतील.

पोर्टलंड रोहून क्रोक पार्क चालत गाठता येतं. तिथे गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग हे आयरिश खेळ खेळतात, पण 19 जुलै 1972 ला त्याच मैदानात मोहम्मद अली लढला होता. अल ‘ब्लू’ लुईसला त्याने अकराव्या राउंडमध्ये हरवलं. अलीच्या आईकडचे एक पणजोबा, एब ग्रेडी, काउंटी क्लेअरमधल्या एनिस गावचे. ते अमेरिकेला गेले आणि कालांतराने त्या घराण्यात अली जन्मला. 2009 मध्ये तो स्वतः एनिसला येऊन गेला, गावाने त्याला मानाचं नागरिकत्व दिलं. टर्नपाइक रोडवर त्याची खूण आहे. आता बघ, रूममेट्सना क्लिफ्स ऑफ मोहर बघायचेच असतील, तर एनिसला मुक्काम करून जा. डब्लिनहून लिमरिकला गाडी बदलून एनिस, तिथून पुढे कड्यांकडे बस. 214 मीटर उंच कडा त्यांना मिळेल, अलीचं आजोळ तुला मिळेल.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडलेली जागा मात्र किल्डेअरमधली. कराह नावाचं विस्तीर्ण कुरण आहे, तिथे घोड्यांच्या शर्यती होतात. त्या कुरणात एक खोलगट जागा आहे, डॉनेलीज हॉलो. 13 डिसेंबर 1815 ला इथे डॅन डॉनेलीने जॉर्ज कूपर या इंग्रजाला उघड्या मुठींनी हरवलं. उताराच्या चहूबाजूंनी लोक बसले होते. लढत संपल्यावर डॉनेली ज्या वाटेने वर चढत गेला, ती पावलं लोकांनी जपली. आजही गवतात पावलांचे खळगे ओळीने दिसतात, कारण येणारा प्रत्येक जण त्यातच पाय ठेवून वर जातो. मी ठेवून बघितला. अंतर चांगलंच लांब आहे, माणूस उंच होता आणि घाईत होता. डॉनेली 1820 मध्ये वारला, त्याचा उजवा हात पुढे कुणी कुणी जपून ठेवला आणि तो कितीतरी वर्षं किलकलनच्या एका पबमध्ये काचेच्या पेटीत होता. आयरिश लोकांचं काही सांगता येत नाही. डॉनेलीज हॉलोला जायला न्यूब्रिजपर्यंत रेल्वे आहे, पुढे टॅक्सी किंवा पायपीट. कॅमेऱ्याला काही फार भव्य दिसत नाही. तू त्या खोलगट भागाच्या मध्यभागी उभी राहून तीन मिनिटं शॅडो करून ये. कुणी बघितलं तर बघू दे, त्या जागी कुणीच तुला वेडी म्हणणार नाही.

रोडवर्क तर करतेसच ना? मग ते ट्रेडमिलवर वाया घालवू नकोस. फिनिक्स पार्कमधला चेस्टरफील्ड अॅव्हेन्यू जवळपास चार किलोमीटर सरळ आहे. जाऊन येऊन तुझा सकाळचा कोटा पूर्ण. हरणं दिसतील, त्यांच्यापासून 50 मीटर लांब राहायचं, खायला काही द्यायचं नाही. त्याच बागेत वेलिंग्टनचा 62 मीटर उंच स्तंभ आहे, आणि त्याच्या पायाशी वॉटर्लूला पकडलेल्या तोफांच्या धातूतले चित्रफलक बसवलेत. एक चित्रफलक हिंदुस्थानातल्या लढायांचा आहे. हा वेलिंग्टन म्हणजे डब्लिनमध्ये जन्मलेला आर्थर वेलस्ली, ज्याने 23 सप्टेंबर 1803 ला शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेला असईला गाठलं. असई म्हणजे आपलं जालना जिल्ह्यातलं, तुझ्या घरापासून एका सकाळच्या अंतरावरचं. पळता पळता थांबून बघ जरा. मी तर त्या दगडाकडे बघून मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या आणि पुढे गेले.

रविवारी डार्ट, म्हणजे तिथली लोकल, पकडून एकदा हाउथला जा, एकदा ब्रेला. हाउथच्या कड्यावरची वाट मऊ, चढउताराची, घोट्यांना उत्तम. ब्रे हे केटी टेलरचं गाव, बंदराजवळच्या छोट्याशा क्लबमध्ये तिचे वडील शिकवायचे. ब्रे हेड ही टेकडी 241 मीटरची, वर क्रॉस आहे. डोंगर म्हणून आपल्या दौलताबादवाल्यांना त्याचं काय, पण वारा असतो. ब्रेहून ग्रेस्टोन्सला जाणारी कड्यावरची वाट दरडींमुळे काही भागात बरीच वर्षं बंद आहे, त्यामुळे निघण्याआधी चौकशी कर. शनिवारी जोरदार स्पारिंग झालं असेल तर रविवारी टेकडी पळायची नाही, चालायची. रूममेट्सना घेऊन जा. चालताना बॉक्सिंगचा विषय काढू नकोस, आइस्क्रीम खा. आणि महिन्यातून एखादा शनिवार कोचला आधी सांगून सरळ सुट्टी घे. सांगून घेतलेल्या सुट्टीच्या दिवशी बसमध्ये अपराधी वाटत नाही, करून बघ.

आता त्या आठवीतल्या मुलीचं. तिला उत्तर न देणं मला सगळ्यात जास्त खटकलं. ग्रुपवर जोशाच्या ओळी टाकायला तू कशाला हवीस? त्या तिला कुठूनही मिळतात. प्रेरणेची म्हणशील तर नागपूरची अल्फिया पठाण 2021 मध्ये पोलंडला युवा जगज्जेती झाली, पुण्याची देविका घोरपडे 2022 मध्ये स्पेनला. ही नावं त्या मुलींना तोंडपाठ असतील. तुझ्याकडून त्यांना हवंय ते घरबसल्या मिळत नाही असं काहीतरी. तिला साधारण असं लिही:

‘हो, वाटते. घंटा वाजायच्या आधी पोटात गोळा येतो आणि तोंड कोरडं पडतं. पहिला जॅब लागला किंवा खाल्ला की कमी होते. गेल्या शनिवारी मी एकाच राउंडमध्ये तोच डावा हुक परत परत खाल्ला, कारण जॅब परत आणताना माझा उजवा हात खाली येत होता. या आठवड्यात मी उजव्या ग्लोव्हजचा अंगठा गालाला चिकटवून शॅडो करणार आहे. तूपण कर आणि रविवारी सांग जमलं का.’

बस. ती मुलगी रविवारी तुला मेसेज करेल आणि तुलाही तो आठवडाभर हात गालावर ठेवावा लागेल. फोटो टाकू नकोस असं मी म्हणत नाही. पोर्टलंड रोवरून फोटो टाकलास तर केली कुठे काम करायची ते दोन ओळींत लिही. डॉनेलीच्या पावलांवरून एक छोटा व्हिडिओ टाक. कड्यावरचा फोटो टाकलास तर वर चढताना दम कुठे लागला ते लिही. क्लबमधला व्हिडिओ टाकण्याआधी मात्र ज्यांचे चेहरे दिसतात त्यांना विचार. अठरा वर्षांखालची मुलं असतील तर क्लबचे नियम कडक असतात, कोचच्या परवानगीशिवाय कॅमेरा काढायचाच नाही.

आईला ‘काही होत नाही गं’ असं सांगू नकोस. बॉक्सिंगमध्ये नाक फुटतं, आणि त्या हे ओळखून आहेत. त्यापेक्षा एखाद्या संध्याकाळी क्लबमधून व्हिडिओ कॉल लाव. हेडगार्ड दाखव, गमशील्ड म्हणजे दातांवरचं कवच दाखव, कोचशी दोन शब्द बोलायला लाव, इंग्रजी अडलं तर तू मध्ये बोल. लढतीला उतरण्याआधी वैद्यकीय तपासणी होते, रिंगजवळ डॉक्टर असतो, हे त्यांना सांग. केटी टेलरची आई स्वतः बॉक्सिंगची पंच होती, हेही सांग. पटलंच पाहिजे असा हट्ट नको, निदान त्यांच्या डोळ्यांसमोरचं चित्र तरी खरं होईल. लग्नाचा विषय त्यांनी काढलेला नाही, तर तू होऊन काढू नकोस.

तुला तिथे लढत खेळायची इच्छा असेल, तर क्लबच्या सेक्रेटरीला भेट आणि नोंदणी, तपासणी, कुठल्या स्पर्धेत उतरता येईल हे सगळं लेखी विचारून घे. घाई मात्र नको. आधी थोडे आठवडे शुक्रवारी झोप काढ.

ता. क. चं उत्तर: ग्लोव्हज मागवू नकोस. मेरठ, जालंधरला उत्तम ग्लोव्हज बनतात, पण पाठवणावळीतच तिथला एक जोड येईल, आणि स्पर्धेत आयोजकांनी दिलेलेच घालावे लागतात. घरून कुणी येणार असेल तर हाताला गुंडाळायच्या साडेचार मीटरच्या पट्ट्या दोन-तीन मागव, त्या आपल्याकडे स्वस्त मिळतात आणि रोज धुवाव्या लागतात. स्पारिंगला 14 किंवा 16 औंसांचे ग्लोव्हज वापर, बॅगचे जुने ग्लोव्हज मैत्रिणीच्या तोंडावर नकोत. आणि गमशील्ड गरम पाण्यात टाकून चावायचं वापरत असशील तर पैसे साठवून दाताच्या डॉक्टरकडून मापाचं करून घे.